विश्लेषण : गेमच्या संगीताचा रिमिक्स खरेच चांगला की नुसताच दणदणीत? पारख कशी करायची?

लॅपटॉप आणि हेडफोनच्या जोरावर चाहते गेमच्या जुन्या चालींना इलेक्ट्रॉनिक रूप देत आहेत. त्यांना मिळणारी दाद मात्र ‘भारी’ किंवा ‘बेकार’ यापुढे जात नाही. हे संगीत ऐकायचे कसे, तोलायचे कसे आणि कायदा त्याविषयी काय सांगतो?

भिंगार कॅम्पात राहणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला आज गेमच्या संगीताचा रिमिक्स करायचा असेल तर स्टुडिओ लागत नाही. साधा लॅपटॉप, एफएल स्टुडिओसारखे सॉफ्टवेअर, बऱ्यापैकी हेडफोन आणि रात्रीचे चार तास पुरतात. ‘सुपर मारिओ’ची किंवा ‘पब्जी’ची थीम घ्यायची, तिच्याखाली इलेक्ट्रॉनिक ठेका टाकायचा, मध्ये एक ‘ड्रॉप’ बसवायचा आणि यूट्यूबवर चढवायचे. सकाळपर्यंत प्रतिक्रिया येतात : ‘भारी भावा’, ‘आग लावली’, नाहीतर ‘ओरिजिनलची वाट लावली’. यातून पुढचा रिमिक्स अधिक चांगला कसा करावा, याविषयी त्याच्या हाती काहीच लागत नाही. चित्रपटाचे परीक्षण छापून येते, नाटकाचे येते. चाहत्यांनी केलेल्या गेम-संगीताच्या रिमिक्सचे परीक्षण करायचे तर कसोट्या कोणत्या? त्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याचशा मराठी कानाला परक्याही नाहीत.

कव्हर, अरेंजमेंट, रिमिक्स : फरक काय?

हे तीन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. कव्हर म्हणजे तेच गाणे दुसऱ्याने पुन्हा गाणे किंवा वाजवणे. अरेंजमेंट म्हणजे चाल तीच ठेवून वाद्ये, लय, साथीचे सूर यांची नवी मांडणी. रिमिक्सचा मूळ अर्थ याहून वेगळा : ध्वनिमुद्रणातले गायन, ताल, बेस असे सुटे ट्रॅक घेऊन त्यांची पुन्हा जुळवणी करणे. चाहत्यांकडे गेमचे सुटे ट्रॅक सहसा नसतात. ते चाल कानाने ऐकून उतरवतात किंवा तिची मिडी फाइल घेतात आणि नवी वाद्ये लावतात. म्हणजे ज्याला गेमचा रिमिक्स म्हटले जाते ती बहुतेक वेळा अरेंजमेंट असते. परीक्षण करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण अरेंजमेंटमध्ये करणाऱ्याची समज उघडी पडते. सुटे ट्रॅक जुळवताना मूळ संगीतकाराचे काम आयते मिळते, इथे मिळत नाही.

नगर जिल्ह्याला हा प्रकार नवा नाही. ज्येष्ठ संगीतकार सी. रामचंद्र यांचा जन्म १९१८ मध्ये याच जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. ‘समाधि’ (१९५०) चित्रपटातले त्यांचे ‘गोरे गोरे ओ बांके छोरे’ हे गाणे एडमुंडो रॉस यांच्या लॅटिन अमेरिकी ढंगाच्या गाण्यावर बेतलेले होते. चाल बाहेरची होती, पण शब्द, आवाज आणि गाण्याची बैठक अशी बदलली की ते हिंदी चित्रपटाचेच गाणे झाले. उलटा प्रवासही त्यांच्याच चालीने केला. १९६३ मध्ये त्यांनी संगीत दिलेले ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे गाणे जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘बीटिंग रिट्रीट’ सोहळ्यात लष्करी बँडवर वाजले. शब्द नव्हते, लतादीदींचा आवाज नव्हता, तरी ते पहिल्या ओळीतच ओळखू येते. भिंगारसारख्या छावणीच्या गावाला हे वेगळे सांगायला नको. बँडवर, वरातीतल्या बँजोवर आणि डीजेच्या स्पीकरवर तेच गाणे तीन वेगळी कामे करते. चाल टिकते आणि तिच्याभोवतीचे सगळे बदलते. त्या बदलाला कारण आहे का, हे पाहणे म्हणजेच परीक्षण.

गेमचे संगीत वेगळे का ऐकावे लागते?

चित्रपटातले गाणे ठरलेल्या वेळी सुरू होते आणि संपते. गेमच्या संगीताला शेवट माहीत नसतो. खेळणारा एका टप्प्यावर दोन मिनिटे अडकेल की दोन तास, हे संगीतकाराला ठाऊक नसते. म्हणून चाल अशी रचावी लागते की ती गोल फिरून पुन्हा सुरू झाली तरी कान कंटाळत नाही. याला ‘लूप’ म्हणतात.

दुसरे म्हणजे हे संगीत खेळणाऱ्याच्या हालचालीला उत्तर देते. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये उतरत्या क्रमाने येणारे फक्त चार सूर होते. परग्रहवासी कमी होत गेले की ते सूर जलद होत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये (१९८५) घड्याळाचा आकडा १०० च्या खाली गेला की तीच चाल धावत सुटते आणि खेळणाऱ्याच्या हातांना घाम फुटतो. कोजी कोंडो यांची ही चाल २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतली. त्या यादीत आलेले हे पहिले गेम-संगीत.

तिसरी गोष्ट यंत्राची. ज्या निन्टेंडो यंत्रावर मारिओ चालत असे, त्याच्या ध्वनी-चिपमध्ये पाचच वाटा होत्या : दोन ‘पल्स’ आवाजाच्या, एक ‘ट्रँगल’ आवाजाची, एक खरखरीची आणि एक छोटे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवणारी. चाल, साथ, बेस आणि ताल हे सगळे एवढ्यातच बसवायचे. एकाच वेळी तीन-चार सूर वाजवून साथ देण्याची चैन नव्हती. म्हणून संगीतकार ते सूर विजेच्या वेगाने एकामागून एक वाजवत आणि कानाला ते एकत्र वाजल्यासारखे भासत. आज आपण ज्याला ‘एट-बिट’ आवाज म्हणतो, त्यातली ती थरथर या अडचणीतून जन्मली.

महाराष्ट्रातल्या छोट्या शहरांत नव्वदच्या दशकात हा आवाज घरोघर पोहोचला तो टीव्हीला जोडायच्या स्वस्त व्हिडिओ गेममधून आणि ‘९९९९ इन वन’ लिहिलेल्या कॅसेटमधून. त्या कॅसेटवर गेमची नावे असत, संगीतकारांची नसत. ‘काँट्रा’ची चाल आजही अनेकांना तोंडपाठ आहे. तिच्यामागची हिदेनोरी माएझावा आणि कियोहिरो सादा ही नावे मात्र क्वचितच कोणाला माहीत असतात. चाहत्यांच्या रिमिक्सबद्दल बोलताना ही उणीव पुन्हा आडवी येते.

रिमिक्स बहुधा कुठे फसतो?

सर्वांत सामान्य चूक : चाल जशीच्या तशी ठेवून तिच्याखाली प्रत्येक मात्रेवर ‘किक’ टाकणे. इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात हा ठोका पायाचा दगड असतो. पण मारिओच्या मुख्य चालीची गंमत ठोक्याच्या अधेमधे पडणाऱ्या सुरांत आहे. खाली सरळसोट धम-धम आली की त्या लचकेला खिळे ठोकल्यासारखे होते. जाणता रिमिक्स करणारा किकच्या बाजूने आणखी एखादा आडवा ताल चालवतो आणि ती लचक मोकळी ठेवतो.

दुसरे उदाहरण त्याच गेममधले. मारिओ पाण्याखाली जातो तेव्हा वाजणारी चाल तीन मात्रांची, वॉल्ट्झच्या अंगाची आहे. आपल्याकडे दादऱ्याला जशी झोके घेणारी चाल असते, तसे काहीसे. पाण्यात तरंगण्याचे चित्र त्या झोक्यातूनच उभे राहते. डीजेच्या सोयीसाठी ती चार मात्रांत कोंबली, म्हणजे दादऱ्याची बंदिश केहरव्यात बसवली, तर सूर तेच राहतात आणि पाणी आटते. असा बदल करूच नये असे नाही. करायचा तर चालीचे वळणही नव्याने घडवावे लागते. नुसता एक ठोका वाढवून भागत नाही.

तिसरी चूक लूपची. गेममध्ये दीड मिनिटाची चाल पुन्हापुन्हा वाजते, कारण पडद्यावर दरवेळी वेगळे घडत असते. रिमिक्समध्ये पडदा नसतो. तीच चाल चार वेळा तशीच वाजवली, फक्त दुसऱ्या वेळी झांज आणि तिसऱ्या वेळी बेस वाढवला, तर श्रोत्याच्या हाती चौथ्यांदा नवे काही येत नाही.

चौथी चूक ‘ड्रॉप’ची. आधी ताण वाढवत न्यायचा, क्षणभर सगळे थांबवायचे आणि मग ताल-बेस एकदम सोडायचे, असे हे तंत्र. ते प्रभावी ठरते, पण ताण चालीतून वाढला पाहिजे. अनेक रिमिक्समध्ये वाढत्या शिट्टीसारखा एक तयार आवाज आणि जलद होत जाणारा स्नेअर एवढ्यावरच काम भागवलेले असते. ड्रॉप आल्यावर तर मूळ चाल गायबच होते. कानाला दणका बसतो, पण तो कोणत्याही गाण्यात बसला असता.

पाचवी चूक आवाजाच्या पातळीची. मोठा आवाज म्हणजे चांगला मिक्स, हा समज विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी पक्का केला आहे. सगळे सूर कमाल पातळीवर दाबून बसवले की हळू आणि मोठे यांतला फरकच मरतो आणि दहा मिनिटांत कान थकतात. यूट्यूबवर तर या दाबादाबीचा उपयोगही होत नाही. तिथे जास्त मोठे ट्रॅक साधारण उणे १४ एलयूएफएस या पातळीपर्यंत आपोआप खाली आणले जातात. दाबून मोठा केलेला ट्रॅक मग आवाजाने इतरांएवढाच होतो आणि वर चपटाही ऐकू येतो.

नामवंतांचेही असे होते का?

होते. ‘टेट्रिस’ हे त्याचे बोलके उदाहरण. गेम बॉय या हातातल्या यंत्रावर १९८९ मध्ये आलेल्या या गेमची गाजलेली चाल मुळात ‘कोरोबेइनिकी’ हे एकोणिसाव्या शतकातले रशियन गीत. हिरोकाझू तानाका यांनी ते गेमसाठी बसवले. पुढे १९९२ मध्ये ‘डॉक्टर स्पिन’ या नावाने तिचा नृत्यसंगीतातला अवतार आला आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. या टोपणनावामागे ‘कॅट्स’ आणि ‘फँटम ऑफ द ऑपेरा’चे संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर आणि निर्माते नायजेल राइट होते.

आज तो ट्रॅक ऐकताना दोन्ही गोष्टी जाणवतात. चालीची निवड अचूक होती, कारण लोकगीताची ती लय नाचायला सोपी आहे. पण टेट्रिसचा जीव वाढत्या दडपणात आहे : ठोकळे जलद पडत जातात, जागा कमी होत जाते. नृत्यसंगीताचा एकसारखा ठेका हे दडपण पुसून टाकतो आणि उरते ती एक झकास ओळखीची चाल. ट्रॅक खपला, गाजला आणि तरीही मूळ संगीत जे काम करत होते ते त्याने सोडून दिले, ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. लोकप्रियता आणि गुणवत्ता यांचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत ठेवायचा असतो, तो यासाठी.

पारख करण्याच्या कसोट्या कोणत्या?

चाहत्यांच्या गेम-रिमिक्सची शिस्तीत छाननी करण्याचे काम ‘ओव्हरक्लॉक्ड रिमिक्स’ हा अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झालेला उपक्रम दीर्घकाळ करत आला आहे. तिथे आलेला ट्रॅक परीक्षकांच्या मंडळापुढे जातो. मूळ चाल ओळखू आली पाहिजे आणि ट्रॅकचा बराच भाग तिच्यावर उभा असला पाहिजे, ही एक अट. मांडणीत करणाऱ्याची स्वतःची भर भरपूर असली पाहिजे, ही दुसरी. मूळ मिडी फाइलला नुसती नवी वाद्ये लावून पाठवलेला ट्रॅक नाकारला जातो. आणि तिसरी अट ध्वनीच्या सफाईची.

पहिल्या दोन अटी एकमेकींना ओढणाऱ्या आहेत. मुळाशी फार चिकटले तर भर दिसत नाही, फार दूर गेले तर मूळ हरवते. मराठी श्रोत्याला यासाठी नवे शब्द शोधावे लागत नाहीत. शास्त्रीय मैफलीत हेच नाते बंदिश आणि बढत यांच्यात असते. बंदिशीचा मुखडा पुन्हापुन्हा येतो, पण दरवेळी वेगळ्या वाटेने समेवर येतो. बढत कितीही रंगली तरी राग सुटता कामा नये आणि राग सांभाळला एवढ्यावर कोणी गवयाला दाद देत नाही. गेमच्या रिमिक्सला लावायचे प्रश्नही याच धर्तीवर मांडता येतात :

एक, मूळ चाल गेममध्ये काय काम करत होती? घाबरवत होती, धीर देत होती, वाट पाहायला लावत होती? दोन, रिमिक्सने ते काम ठेवले, बदलले की नकळत सोडून दिले? तीन, तिसऱ्या मिनिटाला असे काय ऐकू येते जे पहिल्या मिनिटाला नव्हते? चार, प्रत्येक वाद्य आपापल्या जागी स्पष्ट ऐकू येते का, की बेसने सगळे गिळले आहे? आणि पाच, मूळ संगीतकाराचे नाव कुठे दिले आहे का?

एक नमुना : पब्जीच्या थीमवर हलगी

समजा, एखाद्या चाहत्याने ‘पब्जी’च्या थीमवर हलगीचा ठेका चढवून इलेक्ट्रॉनिक रिमिक्स केला. टॉम साल्टा यांची ही थीम मोबाइलवर खेळणाऱ्यांच्या एका पिढीच्या कानात बसलेली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये भारतात या गेमवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये ‘बीजीएमआय’ या नावाने तो नव्या रूपात परतला. मधल्या काळात गेम नव्हता, पण थीम रिंगटोनवर जिवंत होती.

या थीमचे काम काय? खेळ सुरू होण्याआधी वाट पाहायला लावणे. मित्र जमेपर्यंत, सामना लागेपर्यंत ती वाजते. सूर हळूहळू जमतात, ढोल वाढतात आणि काहीतरी मोठे घडणार आहे असे वाटत राहते. आता रिमिक्समध्ये पहिल्या पाच सेकंदांत हलगी कडाडली तर ही वाट पाहणेच संपते. हलगी आणायची कल्पना वाईट नाही, उलट नेमकी आहे. कुस्तीच्या आखाड्यात हलगी लागली की पैलवान आणि बघे दोघांनाही चढते आणि थीमचा भाव त्याच जातीचा आहे. म्हणून परीक्षकाचा शेरा असा असायला हवा : ‘हलगी योग्य, जागा चुकली. पहिला एक मिनिट ती लांबून, एकेका टिपरीने ऐकू येऊ दे, मग कडाडू दे.’

दुसरा मुद्दा हलगीच्या आवाजाचा. बाजारात मिळणाऱ्या ध्वनी-संग्रहातला एकच तुकडा घेऊन तो शंभर वेळा चिकटवला तर प्रत्येक टोला एकाच वजनाचा पडतो. खरा हलगीवाला तसे वाजवत नाही. त्याची एक काडी जड, दुसरी हलकी पडते आणि समेआधी तो जरा थांबतो. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक टोल्याचे वजन आणि वेळ किंचित बदलता येते. त्यासाठी लागतो तो संयम. गावातल्याच हलगीवाल्याला बोलावून, त्याला मानधन देऊन मोबाइलवर चार ओळी ध्वनिमुद्रित करून घेतल्या तरी ट्रॅकचा कायापालट होईल.

तिसरा मुद्दा डीजेच्या नावाचा. दर तीस सेकंदांनी मध्येच येणारी नावाची घोषणा ही चोरी टाळण्याची युक्ती आहे, हे खरे. पण ती नेमकी चालीच्या वळणावर आली तर ज्या जागेसाठी श्रोता थांबला होता तीच झाकली जाते. नाव सुरुवातीला आणि शेवटी पुरते.

या तीन शेऱ्यांत ‘भारी’ हा शब्द नाही आणि ‘बेकार’ही नाही. पण करणाऱ्याला उद्या सकाळी लॅपटॉप उघडून काय दुरुस्त करायचे, हे कळते.

हा नुसता हौसेचा मामला आहे का?

तसे मानणाऱ्यांनी काही नावे पाहावीत. पोर्तुगीज संगीतकार टी लोपेस हे ‘सोनिक’ गेमच्या चालींचे रिमिक्स करून यूट्यूबवर टाकत. पुढे २०१७ मध्ये आलेल्या ‘सोनिक मेनिया’ या अधिकृत गेमचे संगीत त्यांच्याकडे आले. ‘अंडरटेल’ (२०१५) हा गेम आणि त्याचे संगीत दोन्ही घडवणाऱ्या टोबी फॉक्स यांची सुरुवातही एका जुन्या गेममध्ये चाहत्याच्या नात्याने केलेल्या बदलांतून झाली. ‘स्ट्रीट फायटर’ मालिकेतल्या २००८ च्या एका नव्या आवृत्तीसाठी कॅपकॉम कंपनीने ओव्हरक्लॉक्ड रिमिक्सच्या संगीतकारांचेच काम घेतले. आणि एप्रिल २०२२ मध्ये ‘एट-बिट बिग बँड’ या वाद्यवृंदाने ‘कर्बी’ मालिकेतल्या एका चालीच्या जॅझ मांडणीसाठी ग्रॅमी पुरस्कार मिळवला. ती मांडणी चार्ली रोझेन आणि जेक सिल्व्हरमन यांची. ते काम इलेक्ट्रॉनिक नव्हते, पण दुसऱ्याच्या चालीची नवी मांडणी हेच त्याचे स्वरूप होते.

महाराष्ट्रातही या कामाला वाव तयार होतो आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ हा भारतीय पुराणकथांवर बेतलेला गेम जगासमोर आणला. त्याचे संगीत मात्र लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने दिले. भारतीय वाद्यांचा वापर करणारे ते संगीत उत्तम आहे आणि चांगला संगीतकार कुठलाही असू शकतो. तरी पुढच्या अशा गेमसाठी हलगी, संबळ, चौंडके यांची जाण असलेला स्थानिक संगीतकार हवा असेल, तर तो बहुधा आज कुठेतरी रिमिक्सच करत बसलेला असणार. त्याला मिळणारी टीका कोणत्या दर्जाची आहे, यावर तो पुढे जाईल की कंटाळून सोडून देईल, हे काही अंशी अवलंबून आहे.

कायदा काय सांगतो?

भारतीय स्वामित्व हक्क कायदा, १९५७ नुसार एखाद्या संगीतकृतीची नवी मांडणी करणे हे ‘रूपांतर’ ठरते आणि तो हक्क मूळ हक्कदाराचा असतो. जपान, अमेरिका यांसारख्या देशांतल्या कृतींनाही आंतरराष्ट्रीय करारांमुळे भारतात संरक्षण मिळते. म्हणजे ‘पैसे कमावत नाही, फक्त हौस आहे’ एवढ्याने रिमिक्स आपोआप कायदेशीर होत नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले कलम ३१ सी कव्हरसाठी वाट देते, पण तिच्या अटी कडक आहेत. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षे उलटलेली असली पाहिजेत, आधी सूचना द्यावी लागते, दरवर्षी किमान ५० हजार प्रतींच्या हिशेबाने मानधन भरावे लागते आणि तांत्रिक गरजेपलीकडे संगीतात फेरफार करता येत नाही. फेरफार हाच रिमिक्सचा प्राण असल्याने हौशी कलाकाराला ही वाट जवळपास बंदच आहे.

परीक्षण करणाऱ्याची बाजू तुलनेने भक्कम आहे. कलम ५२ नुसार टीका किंवा समीक्षेसाठी कृतीचा वाजवी वापर हा हक्कभंग मानला जात नाही. मुद्दा समजावण्यासाठी मूळ चालीचा आणि रिमिक्सचा छोटा तुकडा ऐकवणे त्यात बसू शकते. समीक्षेच्या नावाखाली अख्खा ट्रॅक चढवणे हे मात्र वाजवी ठरवता येणे कठीण.

व्यवहारात बहुतेक प्रकरणे न्यायालयापर्यंत जात नाहीत. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा ध्वनी ओळखते आणि व्हिडिओ अडवायचा, त्यावरचे उत्पन्न स्वतःकडे वळवायचे की नुसते लक्ष ठेवायचे, हे हक्कदार ठरवतो. गेम कंपन्यांची धोरणेही सारखी नाहीत. काही चाहत्यांच्या कामाकडे कौतुकाने पाहतात, काही तत्काळ हरकत घेतात. त्यामुळे ट्रॅक करण्याआधी त्या कंपनीचे जाहीर धोरण वाचणे शहाणपणाचे.

टेट्रिसचे उदाहरण इथेही कामी येते. ‘कोरोबेइनिकी’ हे जुने गीत कोणीही वापरू शकतो. गेम बॉयसाठी झालेली त्याची विशिष्ट मांडणी आणि तिचे ध्वनिमुद्रण ही मात्र वेगळी कृती ठरते. लोकगीताकडे थेट गेलेला रिमिक्स आणि गेममधला आवाज उचललेला रिमिक्स यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

नाव देण्याने काय साधते?

मूळ संगीतकाराचे नाव दिल्याने परवानगीची गरज संपत नाही. तरीही ते दिलेच पाहिजे. याच कायद्याचे कलम ५७ निर्मात्याला आपल्या कृतीवर आपले नाव सांगण्याचा हक्क देते आणि कृतीचे आर्थिक हक्क विकल्यावरही तो शाबूत राहतो. गेमच्या संगीतात हा हक्क फार काळ दुर्लक्षित राहिला. सुरुवातीच्या अनेक जपानी गेमच्या श्रेयनामावलीत संगीतकारांची खरी नावे नसत, टोपणनावे असत. ‘स्ट्रीट फायटर २’चे बहुतांश संगीत योको शिमोमुरा यांचे आहे, हे तो गेम पार्लरमध्ये खेळणाऱ्यांना कळायला बराच काळ जावा लागला.

नाव शोधण्याने रिमिक्स करणाऱ्याचाही फायदा होतो. नाव कळले की त्या संगीतकाराची इतर कामे ऐकली जातात, त्याच्या सवयी कळतात, एखादी चाल तशी का वळली याचा अंदाज येतो. मग रिमिक्समध्ये काय बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवणे सोपे जाते.

परीक्षण लिहिताना काय पाळावे?

आधी मूळ चाल ऐकावी, शक्य असेल तर गेम खेळताना. मग रिमिक्स दोनदा ऐकावा : एकदा मोबाइलच्या स्पीकरवर, एकदा हेडफोनवर, कारण बेसचे गुणदोष मोबाइलवर कळतच नाहीत. शेरा देताना मिनिट आणि सेकंद सांगावेत. ‘मध्ये बोअर होते’ यापेक्षा ‘१ मिनिट ४० सेकंदांनंतर चाळीस सेकंद नवे काही येत नाही’ हे वाक्य कामाचे. न आवडणे आणि फसणे यांत फरक करावा. एखाद्याला डबस्टेप मुळातच आवडत नसेल तर तो रिमिक्सचा दोष नव्हे. आणि जे जमले आहे तेही तितक्याच नेमकेपणाने सांगावे, कारण पुढच्या वेळी ते टिकवायचे असते.

ज्याने रिमिक्स केला त्यानेही एक पथ्य पाळायला हरकत नाही. ट्रॅक चढवण्यापूर्वी तो गेम कधीच न खेळलेल्या एखाद्याला तो ऐकवावा. चाहत्याच्या कानात आठवण आधीच वाजत असते, त्यामुळे कच्चा ट्रॅकही त्याला गोड लागतो. ज्याला मारिओ माहीत नाही अशा आजीने किंवा शेजारच्या काकांनी तिसऱ्या मिनिटापर्यंत मान डोलावली, तर त्यात आठवणीपलीकडचे संगीत आहे असे खुशाल समजावे.